अभ्यासिकेची कॉफी : जून ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

२ जून, सोमवार

ठाण्याच्या नौपाड्यातल्या अभ्यासिकेचा चहा-कॉफीचा काउंटर आजपासून आमच्या बचत गटाकडे आला. चहाबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. कॉफीच्या तक्रारींनी मात्र वही भरली आहे. ‘जळकी लागते’, ‘पाणचट’, ‘काल बरी होती, आज कडू’. मुलं-मुली सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत इथे बसतात. कुणी एमपीएससी करतंय, कुणी सीए. दिवसाला साठेक कप कॉफी जाते. गटाने कॉफीचं काम माझ्याकडे दिलं, म्हणून ही वही.

आज फक्त पाहिलं, कशाला हात लावला नाही. काउंटरवरचे काका गेली सहा वर्षं इथे आहेत. त्यांना जसं शिकवलं तसंच ते करतात. सकाळी साडेसहाला मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात ओंजळीच्या अंदाजाने पावडर, दहा-बारा मिनिटं खळखळून उकळायचं आणि फडक्यातून गाळायचं. ते पाणी दिवसभर मागच्या बर्नरवर मंद आचेवर. शेजारच्या पातेल्यात दूध, तेही दिवसभर आचेवर. कुणी कॉफी मागितली की दोन्ही एकत्र करून, साखर घालून पुन्हा एक उकळी.

संध्याकाळी सहाला मी ती प्यायले. जिभेवर राखेसारखी चव आणि घशाशी आंबटपणा, तोही पाणी प्यायल्यावर न जाणारा. मुलं हीच कॉफी पैसे देऊन पितात आणि परत अभ्यासाला बसतात, याचं वाईट वाटलं.

पावडरचा डबा शेगडीच्या वरच्या फळीवर. पाकीट एप्रिलमध्ये फोडलेलं.

४ जून, बुधवार

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. यात बेकायदा काही नाही. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं, एवढंच आपला नियम सांगतो. पण म्हणजे जवळजवळ अर्धा डबा कॉफीच नव्हे.

चिकोरी हे एका झाडाचं मूळ. वाळवून, भाजून दळतात. तिच्यामुळे गडद रंग येतो, दाटपणा येतो, थोडी कडसर गोडीही येते, पण तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. पाण्यात ती कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, म्हणून रंग पटकन धरतो. इथली मुलं रंग बघून ‘आज स्ट्राँग आहे’ म्हणतात. काळीभोर कॉफी म्हणजे कडक कॉफी, ही समजूत घराघरांत आहे. माझीही होती.

चिकोरी वाईट असं मला म्हणायचं नाही. थोडी असली की दुधात कॉफी भरीव लागते. पण निम्मी चिकोरी घ्यायची, वर तिला बारा मिनिटं उकळायचं आणि मग ‘कॉफी कडू’ म्हणायचं, हे बरोबर नाही.

दुपारी तीन पेले केले. पावडर एकच, प्रत्येकी १० ग्रॅम, पाणी १५० मिली. पहिला बारा मिनिटं उकळलेला. दुसऱ्यात उकळी थांबवून अर्ध्या मिनिटाने पाणी ओतलं, चार मिनिटं झाकलं, गाळलं. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण दोन तास आचेवर ठेवलेला. काकांना न सांगता तिन्ही चाखायला दिले. त्यांनी दुसरा उचलला आणि विचारलं, “ताई, ही पावडर कुठून आणली?”

भाजलेल्या कॉफीतला साधारण ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. चव चांगली लागते ती १८ ते २२ टक्के उतरतो तेव्हा. आधी आंबटपणा आणि सुवास येतो, मग गोडी, आणि शेवटी कडू-तुरट भाग. उकळत राहिलं की हा शेवटचा भागही खरवडून निघतो आणि सुवास वाफेबरोबर उडून जातो. उकळताना अभ्यासिकाभर जो घमघमाट सुटतो, तो कपात यायला हवा होता. आणि कॅफीन तर सुरुवातीलाच पाण्यात उतरलेलं असतं, त्यामुळे जास्त उकळून कॉफी जास्त ‘लागते’ असंही नाही.

७ जून, शनिवार

गटाच्या पैशातून स्टीलचे दोन मोठे फिल्टर घेतले : वर तळाला भोकं असलेलं भांडं, त्यात पावडरीवर ठेवायची चकती, आणि खाली कॉफी थेंबथेंब उतरते ते भांडं. एकेकात १०० ग्रॅम पावडर आरामात बसते.

पहिला घाणा पूर्ण फसला. पावडर भरली, चकती ठेवून तळव्याने चांगली दाबली, वरून उकळतं पाणी भरलं. अर्ध्या तासाने खालच्या भांड्यात जेमतेम दोन चमचे. वरचं पाणी तसंच उभं. काकांनी काही न बोलता जुनं पातेलं गॅसवर चढवलं, कारण आठ वाजता मुलं काउंटरवर यायची होती.

८ जून, रविवार

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मामी राहतात. मूळच्या केरळातल्या पालघाटच्या, ठाण्यात चाळीस वर्षं झाली. सकाळी फिल्टर घेऊन त्यांच्याकडेच गेले. त्यांनी आधी पावडर चिमटीत घेऊन चोळली. “ही तर टाल्कम आहे गं. फिल्टरची दळण अशी नसते. बोटांना रव्यापेक्षा बारीक लागायला हवी, पण पिठासारखी नको.”

मग त्यांनी त्यांचा पितळी फिल्टर काढला. लग्नातला, आतून कल्हई केलेला. त्या काय करतात ते मी ओट्याशी उभी राहून पाहिलं आणि लगेच लिहून काढतेय.

वरचं भांडं कोरडं, आधी थोडं गरम केलेलं. ओल्या भांड्यात पावडर भोकांवर चिकटते. त्यांच्याकडची पावडर चमच्याने घातली आणि भांडं ओट्यावर दोनदा हलकेच आपटलं, म्हणजे ती आपोआप सपाट बसली. दांडीची चकती वर ठेवली ती नुसती टेकवली, दाबली नाही. पाणी उकळून गॅस बंद केला, भांड्यातली खळबळ शांत होऊ दिली. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी चकतीवर गोल फिरवत ओतलं आणि हात थांबवला. पावडर फुगून वर आली, बारीक बुडबुडे सुटले. “ताजी आहे म्हणून श्वास घेते,” मामी म्हणाल्या. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो निघत होता. तो निघण्याआधीच सगळं पाणी ओतलं तर पाणी पावडरीत नीट शिरत नाही, बाजूबाजूने वाट काढतं. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी, झाकण, आणि मग त्या बाहेर जाऊन पेपर वाचत बसल्या.

मी दोनदा झाकण उघडायला उठले. दोन्ही वेळा त्यांनी खुणेने बसवलं. पंचवीस मिनिटं लागली. खाली उतरलं ते दाट, काळसर तपकिरी, कडेला उजेडात धरलं तर लालसर.

थेंब अडला तर काय करायचं तेही विचारून घेतलं. वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवायचं, कारण खालच्या भांड्यात हवा कोंडलेली असू शकते. चमच्याने ढवळायचं नाही. ढवळलं की बारीक कण भोकांत जाऊन बसतात.

पावडरीसाठी त्यांनी स्टेशनजवळच्या दळणाऱ्याचा पत्ता दिला.

१० जून, मंगळवार

दळणाऱ्याकडे तासभर उभी होते. दाणे चिकमगळूरकडचे. पोत्यावरच्या नावांचा अर्थ त्यांनी सांगितला. ‘प्लँटेशन’ म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. आणि ‘ए’, ‘बी’ हे दाण्याच्या आकाराचे दर्जे, चाळणीने ठरतात. मी इतकी वर्षं ‘ए’ म्हणजे चवीला पहिला नंबर समजत होते.

प्लँटेशन आणि पीबेरी निम्मी-निम्मी, त्यात २० टक्के चिकोरी, फिल्टरची दळण. दोन किलोच घेतली. चार घ्यायचा विचार होता, पण दळणारे म्हणाले, “संपेल तेवढीच न्या, पुन्हा या.” जास्त माल विकायची संधी सोडून हे सांगणाऱ्या माणसाचं म्हणणं मी ऐकलं.

११ जून, बुधवार

मापं ठरली. प्रत्येक फिल्टरला १०० ग्रॅम पावडर, ५०० मिली पाणी. हाती येतं साधारण ३०० मिली, बाकी पावडर पिऊन घेते. एका कपाला ३० मिली डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क, आणि १०० मिली दूध. म्हणजे एका फिल्टरचे दहा कप. दोन फिल्टर, सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन खेपा, साठ कप.

चमच्याचं माप बंद. काकांचा ‘एक चमचा’ काट्यावर तीनदा टाकून पाहिला : ७ ग्रॅम, ११ ग्रॅम, ९ ग्रॅम. ‘काल बरी होती, आज कडू’ याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

१३ जून, शुक्रवार

अभ्यासिकेच्या कार्यवाहांनी हिशेब पाहून विचारलं, रोजची पावडर ६०० ग्रॅमवरून ४०० वर आणता येईल का. त्यांचा प्रश्न योग्य आहे. या वर्षी फेब्रुवारीत जगाच्या बाजारात अरेबिकाचा भाव विक्रमी पातळीला गेला, त्याची झळ इथपर्यंत आली आहे.

पण कमी पावडर घेतली की रंग यावा म्हणून माणूस तिच्यातून जास्त वेळ, जास्त पाणी काढतो, आणि निघतं ते शेवटचं कडू पाणी. पातळ आणि कडू, दोन्ही एकदम. त्यांच्यासमोर ७० ग्रॅमचा फिल्टर लावला, पाणी तेवढंच. प्यायल्यावर त्यांनीच मान हलवली. खर्च वाचवायचाच असेल तर कप लहान करू, असं ठरलं. १३० मिलीचा कप राहील, पूर्वीचा १८० चा बंद.

१६ जून, सोमवार

पाणी. आरओच्या नळाचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मीटरवर १४ आलं, साध्या नळाचं ६८. आरओचं पाणी म्हणजे शुद्ध, म्हणजे कॉफीलाही उत्तम, असं वाटतं. पण कॉफीची चव ओढून काढायला पाण्यात थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. कॉफीसाठी टीडीएस साधारण ७५ ते २५० च्या दरम्यान असावं, १५० च्या आसपास सर्वांत चांगलं, असं त्या क्षेत्रातले लोक मानतात. आरओच्या पाण्याची कॉफी आज सपक लागली, टोक नसलेली. नळाचं ६८ निदान त्या काठाला लागून आहे, म्हणून तेच पाणी साध्या फिल्टरमधून गाळून, उकळून वापरणार.

१९ जून, गुरुवार

आज दूध फाटलं. दुपारी तीनच्या गर्दीत अकरा कप ओतावे लागले. मुलं काउंटरशी उभी, कपात पांढऱ्या गुठळ्या आणि वर पाणी.

आधी वाटलं फिल्टरची कॉफी ‘जहाल’ झाली. मग उलगडा झाला. सकाळच्या पिशव्या काउंटरखाली बाहेरच राहिल्या होत्या, फ्रिजमध्ये जागा नव्हती. दमट हवेत पाच तास. असं दूध प्यायला आंबट लागत नाही, पण आंबटपणाकडे सरकलेलं असतं. कॉफी स्वतः थोडी आम्लधर्मी, त्यात उष्णता. दुधातलं केसीन हे प्रथिन सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आला की साकळतं. त्या काठावर आलेल्या दुधाला कॉफीने शेवटचा धक्का दिला.

आजपासून दूध आल्याबरोबर फ्रिजमध्ये. जागा नसेल तर सरबताच्या बाटल्या बाहेर.

२१ जून, शनिवार

दुधाबद्दल अजून लिहायचं आहे, कारण सर्वांत जास्त हानी तिथेच होते असं माझं मत होत चाललंय.

काका दूध सकाळी एकदा उतू जाईपर्यंत तापवतात, मग दिवसभर आच. आज दर तासाला एक चमचा चाखला. सातला गोड. नऊला जाड. अकराला शिजका वास, बासुंदीच्या पहिल्या पायरीसारखा. दुपारी दोनला तळाला लागल्याची छटा. ७० अंशांच्या पुढे दुधातली काही प्रथिनं उलगडतात, तिथून तो शिजका वास येतो. वर साय धरते, ती काढली की परत धरते, म्हणजे दर वेळी थोडी स्निग्धता आपण काढून टाकतो. बासुंदीला हे सगळं हवंच असतं. कॉफीला नको.

नवी पद्धत : दोन लहान पातेली, एकेक लिटरची. एक उकळी, गॅस बंद. ते संपेपर्यंत दुसरं फ्रिजमध्ये. मागणी आली की लागेल तेवढंच ओगराळ्याने काढून छोट्या भांड्यात गरम करायचं, कडेला बारीक बुडबुडे आले की उतरवायचं. डिकॉक्शन आधी कपात, वरून दूध. एकत्र करून उकळी नाही. हे काकांना सर्वांत जड गेलं. उकळी नाही काढली तर कॉफी कच्ची राहील, असं त्यांना वाटतं. चहाच्या सवयीने वाटणं साहजिक आहे. चहाला उकळी आपण मुद्दाम देतो, कॉफी मात्र फिल्टरमध्येच तयार होऊन येते.

मामी दोन भांड्यांत हातभर उंचीवरून ओतून दाखवतात. त्यात दिखावा नाही. तीन-चार वेळा वर-खाली केलं की साखर विरघळते, फेस येतो आणि कढत कॉफी पिण्याजोगी होते. थर्मामीटर लावून पाहिलं : ओतण्याआधी ८१ अंश, चार वेळा ओतल्यावर ६४.

२६ जून, गुरुवार

पावसाने पावडरीचे खडे झाले. भाचीने चांगल्या हेतूने डबा फ्रिजमध्ये ठेवला होता. दिवसातून सहा वेळा बाहेर काढायचा, थंड डब्यात दमट हवा जायची, पावडरीवर दव. शिवाय आज डिकॉक्शनला कोथिंबिरीचा वास आहे.

दोन किलोच्या आठ पुड्या करून हवाबंद डब्यांत, अंधाऱ्या कोरड्या कपाटात. एका वेळी एकच डबा उघडायचा. शेगडीवरची फळी रिकामी केली. दळलेली कॉफी काही दिवसांतच जुनी होते. दळल्यामुळे तिचं अंग इतकं उघडं पडतं की हवा चहूकडून शिरते.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. अभ्यासिका अर्धा दिवस सुरू. एका मुलीने विचारलं, “काकू, चिकोरी उपवासाला चालते का?”

चिकोरी हे मूळ आहे, गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकतं. साबुदाणाही कंदाचाच आणि रताळंही कंदच. पण कुणाच्या घरी काय चालतं ते मी ठरवू शकत नाही. म्हणून आज एक फिल्टर निव्वळ कॉफीचा लावला.

त्यातून एक गोष्ट कळली. चिकोरीशिवाय तीच दळण तेरा मिनिटांत उतरली आणि पातळ उतरली. चिकोरी पाणी धरून ठेवते, थेंब हळू करते. ती काढली तर दळण थोडी बारीक हवी. घरी बिनचिकोरीची पावडर आणून ‘फिल्टर कॉफी जमत नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते.

१४ जुलै, सोमवार

दोन आठवडे तक्रारवहीत कॉफीचं नाव नव्हतं. शनिवारी परत आलं : ‘सात नंतरची आंबट’.

वेळ नोंदवत गेले. संध्याकाळचा फिल्टर पाचला उतरतो. गर्दी साडेसहाला ओसरते, उरलेलं डिकॉक्शन काका गरम राहावं म्हणून पाण्याच्या पातेल्यात ठेवतात. ते थेट आचेवर नाही, तरी दोन-अडीच तास गरमच. गरम राहिलेल्या कॉफीत काही घटक फुटून नवी आम्लं तयार होतात, आणि चव आंबट-तुरट होत जाते. पहिल्या दिवशी घशाशी लागलेला आंबटपणा हाच होता.

काकांना समजावताना माझ्याच डोक्यात एक गोष्ट स्वच्छ झाली. आपण कॉफीला जिथे वेळ द्यायला हवा तिथे घाई करतो : पावडर भिजू देत नाही, थेंब पडू देत नाही, चकती दाबतो, ढवळतो. आणि एकदा ती तयार झाली की तासन् तास ताटकळत ठेवतो. पावडर डब्यात ताटकळते, दूध आचेवर, डिकॉक्शन पातेल्यात. या दीड महिन्यात सापडलेली जवळजवळ प्रत्येक चूक या दोनपैकी एका बाजूची आहे.

उपाय साधा. डिकॉक्शन गरम ठेवायचंच नाही. उतरल्यावर झाकून थंड होऊ द्यायचं, तीन तासांत संपवायचं. गरम फक्त दूध. ३० मिली कोमट डिकॉक्शनवर १०० मिली गरम दूध पडलं तर कप पुरेसा गरम होतो, कप आधी गरम पाण्याने विसळला असेल तर नक्कीच. रात्री साडेसातला वीस कपांऐवजी दहाचाच ताजा फिल्टर.

१७ जुलै, गुरुवार

साफसफाई. फिल्टरच्या भोकांत काळं तेलकट साचलं होतं. कॉफीतलं तेल खवट होतं आणि पुढच्या ताज्या घाण्याला वास देतं. लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण बंद, कारण तो वास फिल्टर धरून ठेवतो. रोज गरम पाणी आणि मऊ ब्रश, शनिवारी सोड्याच्या पाण्यात उकळी. ओला फिल्टर एकात एक घालून ठेवायचा नाही.

२२ जुलै, मंगळवार

देण्याची पद्धत. काही मुलं ‘चटका बसेल अशी’ मागतात आणि काका कौतुकाने तशी देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांच्या वरची अतिगरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली, आणि त्याच वेळी कॉफीवरचा जुना संशय काढून घेतला. म्हणजे प्रश्न कॉफीचा नसून चटक्याचा आहे. शिवाय जीभ भाजली की चव कुठली? दोन भांड्यांत ओतूनच द्यायची, ६० ते ६५ अंशांवर.

साखर वेगळी ठेवली. गंमत नाही, खरोखर मोजलं : आठ दिवसांत साखर निम्म्याहून कमी लागली. कडूपणा झाकायला लागत होती ती साखर.

२९ जुलै, मंगळवार

मुलांनी जायफळाची कॉफी मागितली. कुणाच्या घरून डबा आला होता, त्यात आजीच्या कॉफीचा विषय निघाला.

फिल्टरवाल्यांना ही कॉफी म्हणजे चूक वाटते. दुधातच पावडर, साखर, वर जायफळ-वेलची, आणि उकळी. मला तसं वाटत नाही. माझ्या दहावीच्या वर्षी आई रात्री दहाला ही कॉफी करायची. सगळी दुधाची, पावडर नावाला. जायफळ ती सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून उगाळायची, चार वळसे, मोजून. ते गंध बोटाने निपटून पातेल्यात. पाचवा वळसा दिला तर कडू होते, असं म्हणायची. ती कॉफी जागं ठेवायला नव्हतीच, बारा वाजता मला झोप यायची. आईला तेच हवं होतं, हे मला स्वतःची मुलं झाल्यावर कळलं.

दुधातली प्रथिनं कॉफीचा तुरटपणा बांधून ठेवतात, म्हणून तिथे एक उकळी निभावते. चूक होते ती वेगळीच : जायफळाची तयार पूड, महिनोन् महिने उघडी, तीही सुरुवातीपासून उकळत ठेवलेली. आज अख्खं जायफळ आणलं, बारीक किसणीवर दोनदाच ओढलं, गॅस बंद केल्यावर घातलं. लिटरभर दुधाला तेवढं पुरलं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊनंतर ही कॉफी राहील. पावडर एका कपाला २ ग्रॅमच.

५ ऑगस्ट, मंगळवार

सीए करणारा एक मुलगा दिवसाला सात कप पितो. आज काउंटरशी त्याचा हात थरथरताना पाहिला. निरोगी मोठ्या माणसाने दिवसाला ४०० मिलीग्रॅम कॅफीनच्या आत राहावं असं सांगितलं जातं, आणि आमचा कप आता पूर्वीसारखा चिकोरीचा नाही. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला प्यायलेली कॉफी पहाटे तीनला निम्मी अंगात असते. त्याला बसवून हे सगळं सांगितलं, चौथ्या कपानंतर त्याला आम्ही ताक देणार हेही सांगितलं. तो हो म्हणाला. रात्री आठनंतर फिल्टर कॉफी बंद, सगळ्यांनाच.

काहींना आवडणार नाही. मी बदलणार नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

घरी पाहुणे होते, दिवसभर जाऊ शकले नाही. पहिल्यांदाच तिन्ही खेपा काकांनी एकट्याने काढल्या. भाचीचा सहाला फोन आला की काकांनी संध्याकाळचे दोन्ही फिल्टर ओतून दिले आणि नवे लावले, मुलांना अर्धा तास थांबायला सांगितलं. मला धस्स झालं.

रात्री नऊला गेले तेव्हा गर्दी सरली होती. ओट्यावर दोन्ही फिल्टर उलटे, कोरडे, शेजारीशेजारी. काकांनी माझ्यासाठी जायफळाची एक कॉफी झाकून ठेवली नव्हती; मी आल्यावर दूध गॅसवर ठेवलं. वही त्यांनी आधीच भरली होती, त्यांच्या अक्षरात :

‘सायं. फिल्टर १२ मिनिटांत उतरला. रंग फिका. चाखून पाहिली, पाणचट. दिली नाही. नव्या पुडीची दळण जाड आहे. दुसऱ्या डब्यातली जुनी पुडी वापरली, २४ मिनिटे, चांगली. उद्या दळणाऱ्याकडे पुडी घेऊन जाणे.’